काऊन पाटलांचं मोटारीचं पुस्तक

दौलतराव पाटलांना गाव तोंडावर 'पाटील' म्हणायचं आणि पाठ फिरली की 'काऊन पाटील'. रामराम घातला तरी हा माणूस आधी 'काऊन?' विचारायचा आणि मग रामराम घ्यायचा. आता रामरामाला काय कारण द्यायचं, सांगा! पण द्यावं लागे. 'सहज' हे उत्तर त्यांना चालत नसे. "सहज कोणी काही करत नाही मास्तर," ते मला म्हणायचे. "सहज तं कुत्रं बी भुकत नाही."

मी तेव्हा दुसरबीडच्या मराठी शाळेत मास्तर होतो. लढाईची वर्षं होती. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, म्हणजे मोठं सरकार नागपुरात. तिथून चावडीवर आलेला कागद पाटील आधी उजेडाकडे धरून आरपार बघायचे, मागच्या बाजूला काही वेगळंच लिहिलंय का म्हणून. मी बुलढाण्याचा, मॅट्रिक झालेला, आणि आसपास इंग्रजी वाचणारा मी एकटाच. या गोष्टीचा मला भारी तोरा होता. शाळेतली पोट्टी सोडली तर तो दाखवायला फारसं कोणी नव्हतं, म्हणून पाटलांनी बोलावलं की मी धावत जायचो.

दिसायला पाटील भारदस्त वगैरे मुळीच नव्हते. काडीसारखे हातपाय, डोक्याला सैल फेटा, आणि डावा डोळा कायम बारीक केलेला. शेती मात्र भरपूर, कापूस उत्तम. घरी दूध आलं की भांड्यात बोट, बाजारात तराजू दिसला की पारड्याखाली हात. फाट्यावर प्रवाशांची सर्व्हिस मोटार उभी असली आणि ड्रायव्हर म्हणाला, "या पाटील, आत्ताच आलो, लगेच सुटते," की हे पुढे जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचे. गार लागलं तर, "आत्ता आला का काल आला बे? इंजिन तं थंडगार हाय." गरम लागलं तरी समाधान नाही. "तापलं हाय. म्हंजे वाटेत बंद पडते." आणि सरळ पायी चालू लागायचे.

शेवटी सर्व्हिस मोटारीवर भरवसा नाही म्हणून त्यांनी स्वतःची मोटार घेतली. नवी नव्हे, लढाईत नवी मिळणार कुठून? खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचा म्हातारा मॅनेजर गाव सोडून जात होता, त्याची वीस वर्षांची जुनी विलायती गाडी. कापडी टप, पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं. ती कापसाच्या कोठ्यात ठेवली आणि कापूस बाहेर ताडपत्रीखाली आला. पाटलीणबाई महिनाभर कोणाशी धड बोलल्या नाहीत.

गाडीबरोबर मिस्त्री आला, किसन. मूळ गावचाच, लोहाराचा. पंधरा वर्षं जिनिंगच्या इंजिनांवर काम करून परत आलेला. अक्षरओळख नाही, बोलणं कमी. गाडीत काही बिघडलं की पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून डोळे मिटायचा. मग डोळे उघडून म्हणायचा, "तिसरं हाय." आणि बिघाड तिसऱ्या सिलिंडरातच निघायचा. मला हे बघायला फार आवडायचं. पाटलांना तेच खुपायचं.

"मिस्त्री म्हणते तिसरं. मोटार तं बोलत नाही. मंग मिस्त्री खरं बोलून राह्यला का खोटं, हे मले कसं कळन?" त्यांनी मला एकदा पडवीत बसवून विचारलं. "दोघांच्या भांडणात तिसरा साक्षीदार पाहिजे. मोटारीचं पुस्तक असते ना मास्तर?"

"असतं."

"ते तुम्ही वाचान. तुमच्यावर मले भरवसा हाय."

आता हे वाक्य दुसरबीडात कोणाच्याही वाट्याला आलेलं नव्हतं. पाटलांनी सख्ख्या भावाला कधी असं म्हटलं नव्हतं. मी असा फुगलो की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी राहिली.

मग सुरू झाली पुस्तकाची निवड. बाप रे, सोयरीक परवडली! पहिलं पुस्तक मुंबईहून व्ही.पी.नं मागवलं. पार्सल फोडायच्या आधी पाटलांनी ते हलवून पाहिलं, हुंगून पाहिलं. आत विटा भरून पाठवतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. निघालं मात्र पुस्तकच, सोनेरी अक्षरांचं, जाड कागदाचं. मी वाचायला लागलो. अमुक बिघडलं तर जवळच्या एजंटाकडे न्यावं. तमुक बिघडलं तर एजंटाचा सल्ला घ्यावा. चौथ्या वेळी पाटलांनी हात वर केला.

"थांबा. हे पुस्तक हाय का एजंटाचा दलाल? सगळं एजंटानंच करायचं तं पुस्तक काऊन घ्यायचं?"

ते पुस्तक पाटलीणबाईंनी लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवलं.

मग आम्ही खामगावला जुन्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदार गोडबोल्या. त्यानं एक कोरंकरकरीत पुस्तक काढलं. पाटलांनी पानं चाळली आणि परत दिलं. "यावर तेलाचं बोट कुठं हाय? हे पुस्तक घेऊन कोणी गाडीखाली गेलंच नाही. ज्याचं पान काळं, ते खरं." दुकानदारानं मान डोलावली. दोन आठवड्यांनी आम्ही परत गेलो तर तेच पुस्तक, पण पानोपानी तेलाचे डाग! पाटलांनी पुस्तक नाकाशी नेलं. डावा डोळा अगदीच बारीक झाला.

"मोटारीत जवसाचं तेल कोण घालते बे?"

दुकानदार गोरामोरा झाला. मला हसू आवरेना. बाहेर गाडीजवळ उभा असलेला किसनही तोंड फिरवून हसत होता. पाटील निघाले, आणि पायरी उतरता उतरता थांबले. दुकानदाराच्या स्टुलाच्या एका पायाखाली एक राखी पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक घातलेलं होतं, स्टूल डगमगू नये म्हणून. पाटलांनी वाकून ते ओढून काढलं. आमच्या गाडीसारख्याच गाडीचं चित्र वर, आत पानोपानी काळे ठसे, खरे, इंजिनाच्या तेलाचे.

"हे विकायचं नाही शेट?"

"ते? ते रद्दी हाय पाटील."

"तेच द्या." वाटेत ते मला म्हणाले, "जे विकायले ठेवलं नाही ते खोटं कशाले बोलन?"

या युक्तिवादापुढे मी काय बोलणार! मलाही तो पटला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाटलांनी पुस्तकाची परीक्षा घेतली. पद्धत त्यांची स्वतःची, आणि खरं सांगतो, मी मास्तर असून मला कधी सुचली नव्हती. आपल्याला पक्कं माहीत आहे तेच पुस्तकाला विचारायचं. त्यात खरं उतरलं तर जे माहीत नाही त्यात विश्वास ठेवायचा. मी पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर बारीक टाइपात आकड्यांचा रकाना होता आणि त्याखाली चारपाच ओळी. त्यातले तीन शब्द माझ्या मॅट्रिकला कधी भेटलेच नव्हते. पाटलांसमोर अडखळायचं? छे! मी थुंकी लावून ते पान उलटलं.

"ते काय व्हतं?" पाटलांनी विचारलं.

"छापखान्याचं. कामाचं नाही."

"बरं. टायरात हवा कमी असली तं काय होते म्हणते?" मी शोधून वाचलं. "बरोबर. गढूळ पाणी घातलं तं?" वाचलं. "बरोबर." प्लगावर काजळी धरली तर? तेही बरोबर निघालं. पाटलांनी पुस्तकाला हळद-कुंकू लावलं आणि ते पास झालं.

मग रोज संध्याकाळी दिवस मावळेपर्यंत आम्ही गाडी तपासत होतो. मी वाचायचो, किसन त्या त्या भागावर बोट ठेवायचा, पाटील मान डोलवायचे. किसन खूश होता. "वाचा जी मास्तर. मले बी कळू द्या लोक काय लिहून राह्यले." सात-आठ दिवस असे गेले आणि एका पानावर तेलाची गाळणी आली. इंजिनाच्या डाव्या अंगाला डब्यासारखी वस्तू, सुंदर चित्र. मी वाचलं. किसनचं बोट उठलंच नाही.

"हे नाही," तो म्हणाला.

"नाही म्हंजे?"

"या गाडीले गाळणी नाही जी. पहिल्यापासून नाही."

"पुस्तकात हाय."

"पुस्तकात असन. गाडीत नाही."

पाटलांनी 'काऊन' विचारलं नाही. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण ते नुसतेच उठले आणि पुढचे तीन दिवस फाट्यावर येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारत राहिले, गाळणी विकत मिळते का. सगळे एकच सांगत: लढाईत सुटं सामान मिळत नाही, जुनं कोणी दिलं तर सोन्याच्या भावानं जातं. पाटलांच्या मनात हिशेब पक्का झाला.

बाजाराचा दिवस होता. किसनच्या पोरीची सोयरीक मोताळ्याला जमत आली होती. मुलाचा बाप पोरगी बघून गेला होता आणि आता बोलणी पक्की करायला दोघा नातेवाइकांना घेऊन आला होता. किसन त्यांना चहाच्या दुकानात घेऊन बसला होता. पाटील तिथं गेले. बगलेत पुस्तक, मागे मी.

"किसन, गाळणी कोणाले विकली?"

किसन उभा राहिला. "पाटील, घरी बोलू. पाहुणे हायत."

"पाहुणे हायत तं काय झालं? लपवाले काय हाय? वाचा मास्तर, चार लोकांत."

आणि मी वाचलं! आधी इंग्रजीत, मोठ्यानं, मग मराठीत. बाजार गोळा झाला होता आणि माझं इंग्रजी पहिल्यांदाच इतके लोक ऐकत होते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. किसन पाटलांकडे बघतच नव्हता, पाहुण्यांकडे बघत होता. "माह्या हातानं पाटलायची एक खिळी गेली असन तं हात झडो," तो त्यांना म्हणाला. पाहुण्यांनी चहा तसाच ठेवला. आठ दिवसांनी निरोप आला, मुलगा अजून लहान आहे, यंदा लग्न करत नाही.

किसन कामावर आला नाही. त्यानं बापाची थंड पडलेली भट्टी पेटवली आणि लोकांच्या वखराच्या पासा शेवटू, म्हणजे ठोकून धारदार करू लागला. गावानं त्याला कामं दिली, पण काम झालं की लोक आपलं लोखंड उलटंसुलटं करून बघायचे. पूर्वी असं कोणी करत नव्हतं. पाटलांचा संशय गावाला चिकटला होता. किसनची पोरगी पाण्याला जायची तेव्हा बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या.

गाडी कोठ्यात उभी राहिली. दुसरा मिस्त्री पाटील येऊ देईनात. कापूस वेचून झाला तेव्हा कोठा रिकामा करायचा विषय निघाला. गाडी बाहेर ढकलली, आणि पाटलांनी सोड्याचं गरम पाणी आणि चिंध्या घेऊन स्वतः इंजिन धुवायला काढलं. भरशाळेत गडी मला बोलवायला आला. मी पोचलो तर पाटील कोपरापर्यंत काळे. त्यांनी माझं बोट धरून इंजिनाच्या डाव्या अंगाला टेकवलं.

"भोक लागते का?"

"नाही."

"सगळीकडं फिरवा."

लोखंड गुळगुळीत होतं, एकसंध.

"खुट्टी उपटली तं भिंतीत भोक राहाते, मास्तर. गाळणी काढली म्हणता, मंग इथं भोक काऊन नाही?" त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "ते पुस्तक कोणत्या गाडीचं हाय, हे त्यात कुठं लिहून असते?"

कुठं लिहिलेलं असतं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. मी पहिलं पान काढलं. धुतलेल्या इंजिनावर कोरलेला नंबर आता वाचता येत होता. पानावर लिहिलं होतं, अमुक नंबरापासून पुढच्या गाड्यांसाठी. आमचा नंबर त्याच्या कितीतरी मागचा. आमची गाडी आली तेव्हा गाळणी लावायची पद्धतच नव्हती. हवा, पाणी, प्लग दोन्ही गाड्यांत सारखेच, म्हणून पुस्तक परीक्षेत पास झालं होतं.

मी 'काऊन'ची वाट बघत मान खाली घालून उभा राहिलो. पाटलांनी चिंधीनं हात पुसले. "किसनकडं चला," एवढंच ते म्हणाले.

किसन भट्टीवर होता. पाटलांनी सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. किसननं ऐकून घेतलं, तापलेली पास पाण्यात बुडवली आणि म्हणाला, "बजारात चोर म्हटलं पाटील. माफी भट्टीत मागता?"

"बजारात बी मागतो."

"इथला बजार ऐकन. मोताळ्याले कोण सांगन?"

पुढच्या बाजारी पाटलांनी त्याच चहाच्या दुकानासमोर उभं राहून सांगितलं, किसन चोर नाही, चूक माझी. लोकांनी ऐकलं आणि लगेच कुजबुजले, पाटलानं असं काऊन म्हटलं असन बाप्पा? आता बोला! मग त्यांनी महिन्याचं सगळं कुपनाचं पेट्रोल गाडीत ओतलं, मला शेजारी बसवलं, मांडीवर पुस्तक दिलं, आणि आम्ही मोताळ्याला निघालो. स्वतः पाटील चालवत होते. चिखलीला गाडी तापली, बुलढाण्याला तापली, घाट उतरताना तर मी गजानन महाराजांचा धावा करत होतो.

मुलाचा बापही लोहार, जाडा, सावकाश बोलणारा. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं, पाणी दिलं आणि पाटलांचं सगळं ऐकून विचारलं, "एवढ्या लांब तुम्ही काऊन आले? किसननं पाठवलं का? का पोरीत काही खोट हाय अन् झाकून राह्यले?"

आयुष्यभर लोकांना दिलेली वस्तू पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या हातात परत ठेवली होती. मी पुस्तक उघडून वाचू लागलो तर तो म्हणाला, "त्या दिवशी बी तुम्हीच वाचलं व्हतं ना मास्तर?" मी पुस्तक मिटलं.

"पुस्तक ठेवा," पाटील म्हणाले. त्यांनी बाहेर जाऊन बॉनेट उघडलं. "तुम्ही लोखंडातले जाणते. बोट फिरवून पाहा. इथं काही लावलेलं व्हतं का?"

तो माणूस उठला. इंजिन अजून चटका देत होतं तरी त्यानं जाड अंगठा सावकाश फिरवला, वरून खाली, मग पुन्हा. "हे वतीव हाय," तो म्हणाला. "एका वताचं. इथं कधीच काही नव्हतं."

"मंग चोरलं काय?"

त्यानं अंगठा धोतराला पुसला. मला राहवेना. "चूक खरं म्हणजे माझी," मी सुरुवात केली, तेवढ्यात पाटलांनी जोड्यासकट माझ्या पायावर पाय दिला. कळ डोक्यात गेली.

"पुस्तक म्या निवडलं," ते त्या माणसाला म्हणाले. "बोललो बी मीच. पोरीचा यात काय दोष?"

लग्न वैशाखात दुसरबीडातच झालं. किसननं पाटलांना आमंत्रण दिलं, पण कामावर परत आला नाही. "मनात काही नाही जी," तो म्हणाला, "पण त्या कोठ्यात पाय नाही टाकणार." नवरदेवाला पाटलांनी आपल्या गाडीतून मिरवलं. इंजिन खडखडत होतं. मांडवाच्या दारात पंचे वाटत उभा असलेला किसन ते ऐकून अस्वस्थ होत होता, पाहुण्यांशी बोलता बोलता मान तिकडे वळवत होता. शेवटी त्यानं पंचे मला दिले, कोणाचातरी पेचकस घेतला, मूठ कानाला लावली. "दुसरं हाय," तो कोणाकडेच न बघता म्हणाला. पाटलांनी बॉनेट धरून ठेवलं. त्यांनी काही विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी माझी बदली झाली. फाट्यावर पाटील मला पोचवायला आले. मोटार आली तसे सवयीनं पुढे जाऊन त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि ड्रायव्हरकडे संशयानं बघितलं. मग धोतराच्या फडक्यात बांधलेली एक वस्तू माझ्या हातात दिली. हातालाच कळलं काय आहे ते.

"पाटील, हे मला काऊन?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

त्यांनी दोन्ही डोळे पूर्ण उघडून माझ्याकडे बघितलं. मी तरी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"सहज," ते म्हणाले.

मोटार सुटल्यावर मी फडकं सोडलं. पहिल्या पानावर, त्या आकड्यांच्या रकान्याखाली, ज्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं त्या माणसानं टाकानं मराठीत लिहिलं होतं: 'हे पान म्या वाचलं नाही. किसन चोर नाही. दौलतराव.' मागे वळून बघितलं तर धुळीत फेटा तेवढा दिसत होता.